उजव्या हाताची खोड

मला मरायला आवडतं. अर्थात, शिकवण्यापुरतं. बीड जिल्ह्यातल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत जाऊन मी नर्सेसना पेशंटशेजारचा मॉनिटर कसा वापरायचा आणि तो बोंबलायला लागला की काय करायचं, हे शिकवते. फळ्यावर लिहून ते येत नाही. म्हणून मी खाटेवर आडवी होते, छातीला वायरी आणि बोटाला चिमटा लावून घेते, डोळे मिटते आणि चादरीखालून हळूच एखादी वायर ओढते. मॉनिटर बोंब ठोकतो. मग बघायचं, नर्स आधी कुणाकडं येते, माझ्याकडं की मशीनकडं. बहुतेक जणी मशीनकडं जातात. मशीन ओरडत असतं, मी गप्प असते. माणूस ओरडणाऱ्याकडंच धावतो. आमचे हे म्हणतात, इतक्यांदा मेलेल्या बाईनं घरी येऊन इतकं बोलू नये.

तर एका बुधवारी गेवराई तालुक्यातल्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल, त्यात चार खाटांची एक खास खोली, आणि खाटेगणिक एक मॉनिटर.

"मॅडम, माझ्याकडचे चारही मॉनिटर मुके झालेत."

"बिघडलेत का?"

"नाही हो. गप्प बसवलेत."

प्रकरण असं होतं. आदल्या आठवड्यात एका आजीबाईंचा ऑक्सिजन खाली खाली चालला होता. पडद्यावर लाल आकडा लुकलुकत होता, पण आवाज बंद. डॉक्टर सहज म्हणून खोलीत डोकावले आणि आजी वाचल्या. डोकावले नसते तर, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. आवाज बंद कुणी केला, हेही त्यांना माहीत होतं. त्या खोलीच्या इन्चार्ज सिस्टर, ज्यांना सगळं हॉस्पिटल मोठ्या सिस्टर म्हणतं, त्यांनी.

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगून टाकलं होतं. परळीला आपलं दुसरं हॉस्पिटल उभं राहतंय. शनिवारपर्यंत इथं अलार्म नीट सांभाळले जाताना दिसले नाहीत, तर चारही मॉनिटर परळीला जातील, ही खोली बंद होईल, आणि मोठ्या सिस्टर बाहेर केस पेपरच्या खिडकीवर बसतील. बावीस वर्षं वॉर्डात उभ्या राहिलेल्या बाईला खिडकीत बसून नाव, गाव, वय विचारायला लावणं म्हणजे काय, ते नर्सलाच कळतं.

गुरुवारी सकाळी मी पोचले. खोलीत मोसंबीच्या सालींचा वास, आणि चारही पडद्यांवर हिरव्या रेघा निमूट धावत होत्या. मोठ्या सिस्टर बुटक्या, ठसठशीत, कोटाला उलटं घड्याळ अडकवलेलं. माझ्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "या मॅडम. तुमीच त्या मरणाऱ्या ना?"

माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती.

"आवाज कावून बंद केला सिस्टर?" मी विचारलं. मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यानं माणूस लवकर मोकळं होतं.

"बसा. सांगते," त्या म्हणाल्या, आणि जे सांगितलं ते ऐकून मी माझा पहिला धडा मुकाट्यानं पिशवीत परत ठेवला.

दोन वर्षांपूर्वी चकलांब्याचे एक आजोबा तीन नंबरच्या खाटेवर होते. त्यांना भेटायला त्यांची बहीण आली. आपल्याकडं पेशंटला भेटायला येणं हे लग्नाला येण्याइतकंच सक्तीचं, आणि आल्यावर त्याच्याजवळ जाऊन हात धरणंही. बहिणीनं हात धरला, बोटाचा चिमटा निसटला, मॉनिटर ओरडला. आता मशीन ओरडलं म्हणजे माणूस गेला, एवढं तर टीव्ही बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बहिणीनं हंबरडा फोडला. बाहेरच्या भाच्यानं हंबरडा ऐकून गावाकडं फोन लावला. गावानं देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. सिस्टर चिमटा परत बोटाला लावेपर्यंत चकलांब्यात बांबू आले होते.

"मग हो?"

"मग काय. म्हाताऱ्याला फोन दिला, भोंग्याजवळ धरा म्हनलं. म्हातारं बोललं, मी हाय अजून. आन वर इचारतंय, कोन कोन आलंय आन कोन न्हाई आलं, नावं सांगा. घरी गेल्यावर न आल्याल्यांशी सहा महिने बोललं न्हाई."

त्या दिवसापासून मोठ्या सिस्टरांनी आवाज बंद केला होता. आणि त्या बदल्यात त्या स्वतः दर पंधरा मिनिटांनी चारही खाटांवर फिरत होत्या. बावीस वर्षांच्या नजरेवर त्यांचा भरवसा होता. पण त्यांना जेवायला जावं लागे, घरी जावं लागे, आणि ती नजर त्या बरोबर घेऊन जात. आजीबाईंचा ऑक्सिजन उतरला तेव्हा त्या जेवत होत्या. हे मी बोलले नाही. त्यांनीच डबा धुता धुता सांगितलं, "भाकरीचा एक घास राह्यलता मॅडम. त्येवढ्यात."

मग मी खाटा बघायला निघाले. दोन नंबरवर उमापूरचे एक आजोबा होते, दम्याचे जुने पेशंट, छाती भात्यासारखी चाललेली. पडद्यावर ऑक्सिजन नव्याण्णव. मला भरूनच आलं. असा दमेकरी मी आजवर पाहिला नव्हता. आजोबा निवांत भाकरी कुस्करत होते. मी चिमट्याची वायर धरून तिच्या मागं मागं गेले. वायर मशीनमधून निघाली, आजोबांच्या मांडीवरून गेली, ताटाखालून गेली, खाट ओलांडली आणि पलीकडं स्टुलावर बसलेल्या त्यांच्या सुनेच्या बोटाला जाऊन संपली.

सून तो हात मांडीवर धरून अगदी सरळ बसली होती, शाळेत फोटो काढताना बसतात तशी.

"हे काय बाई?"

"मामांजींला उजव्या हातानं खायाचंय. डाव्याला सलाइन व्हती. बीडच्या दवाखान्यात चिमटा काढला की मशीन वरडायची. मग मी माझ्या बोटाला घेतलं." मग जरा थांबून, "बोट ते बोटच की."

"माझ्यापरीस तिचे जास्त आलेत," आजोबा घास घेत म्हणाले. त्यांना सुनेचा अभिमान वाटत होता.

तीन नंबरच्या पेशंटचा मुलगा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "त्यांचे नव्याण्णव, आन आमचे एक्क्याण्णवच कावून?" त्या खोलीत ऑक्सिजनचे आकडे दहावीच्या मार्कांसारखे बघितले जात होते, आणि इथं तर उमापूरकरांनी डमी बसवला होता.

डाव्या हाताची सलाइन केव्हाच संपली होती. चिमटा आजोबांच्या डाव्या बोटाला गेला. आकडा सावकाश उतरत एकोणनव्वदवर थांबला. सून घाबरली. मी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, यांना एवढाच पुरतो, जुना दमा आहे. "मग मशीनला तसं सांगायला हवं," मी म्हणाले. "सगळ्यांना एकच मर्यादा लावली की यांच्यासाठी ते दिवसभर ओरडणार, आणि दिवसभर ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. सासूचं ऐकतं का कुणी?" डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मोठ्या सिस्टरांनी मशीनमध्ये भरला. खोलीतल्या दोन लहान सिस्टर खाली बघून हसत होत्या. त्यांच्या घरी काय चाललंय ते मला कळलं.

शुक्रवारी आम्ही आवाज चालू केले. सकाळी खोलीत वरात आल्यासारखं झालं. मग एकेका बोंबेचं मूळ शोधत गेलो. एका बाईंच्या छातीला घरच्यांनी तेल चोळलं होतं, त्यावर स्टिकर चिकटेनात. एकाचे स्टिकर तीन दिवसांचे, वाळून खडखडीत. पुसलं, कोरडं केलं, नवे लावले. तीन नंबरच्या मर्यादा डॉक्टरांना विचारून बदलल्या. दुपारपर्यंत चारही मशीनं शहाणी झाली. वाजली तर कामाचं वाजू लागली.

राहिले भेटायला येणारे. यावर माझ्याकडं उपाय नव्हता. माझ्या सगळ्या धड्यांत पेशंट आहे, नर्स आहे, मशीन आहे. पेशंटची आत्या त्यात कुठंच नाही. तो उपाय मोठ्या सिस्टरांनी काढला. चार नंबरची खाट दुपारीच रिकामी झाली होती. तिथला मॉनिटर त्यांनी दारापाशी ओढला आणि येणाऱ्या प्रत्येक जथ्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"चपला भाईर काढा. आन हे ऐका." त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि काढला. मशीन टिवटिवलं. "हे वाजलं म्हंजी चिमटा निसटला. ह्याला रडायचं न्हाई. आता हे ऐका." मोठा अलार्म वाजवून दाखवला. दोन बाया मागं सरकल्या. "हे वाजलं तर बाजूला व्हायचं, मला वाट द्यायची. ह्यालाबी रडायचं न्हाई."

"मग रडायचं कवा?" एका म्हातारीनं प्रामाणिकपणे विचारलं.

"मी सांगंन तवा."

म्हातारीला ते पटलं. रडायची पण वेळ कुणीतरी ठरवून दिली की बरं असतं.

शनिवार. अकरा वाजता परीक्षा. डॉक्टर कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभे. मी चार नंबरच्या खाटेवर, दारापाशी नेलेला तिचा मॉनिटर परत शेजारी ओढून, वायरी लावून, डोळे मिटून. दोन्ही लहान सिस्टर झटकन पास झाल्या. मग मोठ्या सिस्टरांची पाळी. मी अगदी हळुवार मरायचं ठरवलं होतं. वायर ओढली. मॉनिटर ओरडला.

आणि नेमक्या त्या वेळी मागच्या दारानं, म्हणजे उंबऱ्यावरचा धडा न घेता, कुणाच्या तरी तीन बाया आत शिरल्या. त्यांना मी दिसले. वायरी दिसल्या, सपाट रेघ दिसली. त्यातल्या एकीनं कपाळावर हात मारलेला मी स्पष्ट ऐकला.

"आगं माझे बाय, काय गोरीपान व्हती गं."

मला आयुष्यात कुणी गोरीपान म्हटलेलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. डोळे उघडून त्या माउलीला एकदा बघावं असं फार वाटलं, पण मी मेलेलीच राहिले. दुसरीनंही सूर धरला. तेवढ्यात मॉनिटरचा आवाज बंद झाला. आणि त्यानंतर, दोन श्वासांनंतर, माझ्या मनगटावर मोठ्या सिस्टरांची बोटं आली. पुढचं सगळं अचूक. नाव विचारलं, छातीची हालचाल पाहिली, वायर शोधली, लावली, बायांना हात धरून बाहेर नेलं.

"झालं ना? पास?" डॉक्टरांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं.

खोलीत सगळ्यांनी मान डोलावली. क्रम माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नव्हता. मी उठून बसले. मला त्या बाई मनापासून आवडल्या होत्या. त्यांना खिडकीत बसलेलं बघायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण भाकरीचा तो एक घासही माझ्या डोक्यात होता.

"सर," मी म्हणाले, "आधी आवाज बंद झाला. हात नंतर आला."

मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खरंच मेलेली बरी.

"मॅडम, तुमी मेल्याचं सोंग घेतलतं ना? मग ऐकत कावून व्हत्या?"

लहान सिस्टर फिसकन हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. मोठ्या सिस्टरही हसत नव्हत्या. त्यांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "बाया रडाया लागल्या की जातोय ह्यो तिकडं. दोन वर्साची खोड हाय. मला कळायच्या आधी जातोय."

"मग सिस्टर, आपलं ठरलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"शनिवारपत्तूर ठरलं व्हतं, सर. शनिवार अजून हाय की. सांजच्याला परत घ्या."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि पाच वाजता येतो म्हणून गेले.

त्या दुपारी मी जितक्यांदा मेले तितक्यांदा उभ्या जन्मात मेले नसेन. काम सांभाळून, मध्ये दहा मिनिटं मिळाली की मोठ्या सिस्टर म्हणत, "पडा मॅडम." मी पडे. लहान सिस्टर बायांसारख्या रडून दाखवत; त्यातली एक तर इतकी सुरेख रडे की मला माझीच दया येई. आणि सिस्टरांचा उजवा हात बटणाकडं जाई.

दोन नंबरचे आजोबा उशीला टेकून पंचगिरी करू लागले. "आला… आला… गेला मशीनकडं. हारल्या बाई."

"गप पडा आजोबा, तुमाला दम लागंल."

"मला न्हाई, तुमालाच लागलाय."

मोठ्या सिस्टरांनी हात कोटाच्या खिशात घालून पाहिला, बाहेर आलाच. त्या हातात पेन धरून पाहिलं. पेनानंच बटण दाबलं. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी बराच विचार केला, आणि एकदम म्हणाल्या, "ह्या हाताला नको म्हणून जमत न्हाई. ह्याला दुसरं काम लावाय पाहिजे." त्यांनी ठरवलं, उजवा हात पेशंटचा. नाडी उजव्यानंच बघायची. नाडी सापडेपर्यंत तो सोडायचा नाही. बटण डाव्याचं, आणि डाव्याची पाळी नंतर.

पुढच्या वेळी हात निघाला, हवेत थबकला, वळला आणि माझ्या मनगटावर इतक्या जोरानं पडला की मी ओरडले.

"जमलं," आजोबा म्हणाले. "पर पेशंट मेला."

साडेचारपर्यंत हात हळुवारही झाला. पाचला डॉक्टर आले. मी सवयीनं खाटेकडं निघाले, तर मोठ्या सिस्टरांनी मला अडवलं.

"मॅडमचं मरण मला पाठ झालंय. त्याला परीक्षा म्हनत न्हाईत. सर, तुमीच पडा."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सुटका दिसेना. शर्टाची बटणं काढत आडवे झाले. छातीवर चांगलंच जंगल होतं. लहान सिस्टर वस्तरा घेऊन पुढं आली, कारण केसांवर स्टिकर नीट बसत नाहीत हे तिला कालच शिकवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "त्याची काही गरज नाही. तसेच दाबा." तिनं तसेच, गच्च दाबले.

मी मोठ्या सिस्टरांना दुसऱ्या खाटेवर कामाला लावलं आणि त्यांची पाठ फिरताच डॉक्टरांची वायर ओढली. मॉनिटर ओरडला. तीन नंबरला भेटायला आलेल्या दोघी जणी दचकून उठल्या. त्यांनी धडा घेतलेला होता, पण डॉक्टरच पडलेला बघायची तयारी त्यात नव्हती. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरीनं गळा काढायला श्वास भरला.

मोठ्या सिस्टर वळल्या. उजवा हात निघाला. तो मशीनच्या बाजूनं चार बोटं गेला असेल, मग खाली आला आणि डॉक्टरांच्या मनगटावर बसला. डावा हात त्या दोघींकडं नुसता उभा राहिला. भरलेला श्वास भरलेलाच राहिला.

"सर, नाव सांगा."

"अहो, तुम्हाला माहीत…"

"पेशंटला इचारावं लागतंय."

डॉक्टरांनी नाव सांगितलं. सिस्टरांनी छाती वरखाली होताना पाहिली, ओठांचा रंग पाहिला, मग वायरीवर नजर फिरवत सुटलेली सापडली, ती लावली. रेघ पुन्हा नाचायला लागली. आणि मग, अगदी शेवटी, डाव्या हाताचं बोट बटणावर गेलं.

डॉक्टर उठायला लागले. मनगट सुटेना.

"पडा. मिनिट व्हायचंय." त्यांची नजर कोटावरच्या घड्याळावर. "मशीनं परळीला जायची का इथं ऱ्हायची, सर?"

"सिस्टर, हात सोडा, सांगतो."

"सांगा, मग सोडते."

डॉक्टरांनी माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी छताकडं पाहत होते. पंखा फार छान फिरत होता.

"इथंच राहतील," ते म्हणाले. "खोलीही. तुम्हीही. आवाज मात्र बंद व्हायचा नाही."

"न्हाई व्हायचा. मी जेवायला गेले तरीबी वाजू दे त्येला." सिस्टरांनी मनगट सोडलं. "ब्याण्णव हाय नाडी. घाबरलात का?"

"थोडा," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

"स्टिकर काढते," मोठ्या सिस्टर त्यांच्या छातीवर वाकल्या. "पाणी लावून सावकाश काढायचे असतात, मॅडमनी शिकवलंय. पर परळी परळी करून तुमी चार दिस माझी झोप घालवलीय, सर."

आणि त्यांनी उजव्याच हातानं पहिला स्टिकर उपटला.